एमएसचा थकवा आणि मनगटावरचं घड्याळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस असलेले लोक आणि त्यांच्या घरचे स्मार्टवॉचबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. औषध सुरू करणं, थांबवणं किंवा बदलणं हे मात्र तुमच्या न्यूरोलॉजिस्टशी बोलूनच करायचं.

एमएसचा थकवा आणि सगळ्यांना येतो तो थकवा, यात फरक काय?

दिवसभर राबलं की माणूस दमतो आणि रात्रीच्या झोपेने भरून निघतो. एमएसमध्ये हा हिशेब जमत नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसतं. आंघोळ करून केस विंचरले की पुन्हा आडवं व्हावंसं वाटतं. काहींचं दुपारी दोननंतर डोकंच चालेनासं होतं, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. एमएस असलेल्या साधारण चारपैकी तीन जणांना हा थकवा असतो, आणि चालण्याच्या त्रासापेक्षा तोच जास्त नडतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यातल्या तंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करते. आवरण गेलं की संदेश सावकाश जातो, कधी वाटेतच अडतो, आणि तेच साधं काम करायला मेंदूला जास्त खटपट करावी लागते. हा झाला आजाराचा स्वतःचा थकवा. त्याच्या जोडीला दुसराही असतो. रात्री तीनदा लघवीला उठणं, पाय आखडणं, मन खचणं, रक्त कमी असणं, थायरॉइड, लघवीचं इन्फेक्शन, एखाद्या गोळीने येणारी सुस्ती, अशी त्याची कारणं. बहुतेकांमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. घड्याळाची खरी मदत होते ती हा दुसरा थकवा शोधून काढायला, कारण त्यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे.

मग घड्याळ थकवा मोजतं का?

नाही. हे आधीच स्पष्ट सांगते, कारण दुकानदार तसं सांगत नाही.

घड्याळात एक अॅक्सेलरोमीटर असतो, तो हाताची हालचाल तिन्ही दिशांना टिपतो. त्यावरून पावलं, बसून किंवा पडून राहिलेला वेळ आणि झोप यांचा अंदाज काढतात. मागच्या बाजूला जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो त्वचेखालच्या रक्ताच्या लाटेवरून नाडीचे ठोके मोजतो. काही घड्याळांत त्वचेचं तापमान मोजायची सोय असते, संशोधनासाठीच्या बँडमध्ये घामाने बदलणारी त्वचेची विद्युतवाहकताही मोजतात. यातलं काहीही म्हणजे थकवा नाही. या सगळ्या फक्त थकव्याच्या आजूबाजूच्या खुणा आहेत.

थकवा कसा वाटतो हे विचारावंच लागतं. त्यासाठी डॉक्टर प्रश्नावल्या वापरतात. फटीग सिव्हिरिटी स्केल ही १९८९ साली आलेली नऊ वाक्यांची यादी आहे. प्रत्येक वाक्याला १ ते ७ गुण द्यायचे, सरासरी ४ किंवा जास्त आली तर थकवा दखल घेण्याजोगा मानतात. दुसरी एमएफआयएस, २१ प्रश्नांची, ० ते ८४ गुणांची. ती शरीराचा, डोक्याचा आणि लोकांत मिसळण्यावरचा परिणाम वेगवेगळा पाहते. आजीला किंवा काकांना इंग्रजी जमत नसेल तर आम्ही वाक्यं मराठीत समजावून भरून घेतो. घाई करायची नाही, इतकंच.

आणखी एक गोष्ट मोजता येते, ती म्हणजे काम करता करता ताकद किती उतरते. सहा मिनिटं चालायला सांगितलं तर पहिल्या मिनिटातलं आणि सहाव्या मिनिटातलं अंतर सारखं नसतं. पायाला किंवा कमरेला लावलेला सेन्सर पाऊल कुठे आखूड पडू लागलं, कुठे घासू लागलं ते दाखवतो. ही उतरती ताकद आणि मनाला जाणवणारा थकवा यांचं नेहमी जुळतंच असं नाही. चालणं ठीक असूनही गळून गेलेली माणसं मी पाहते.

संशोधन काय सांगतं?

युरोपात २०१६ ते २०२२ या काळात राडार-सीएनएस नावाचा मोठा प्रकल्प झाला. त्यात एमएस, नैराश्य आणि अपस्मार असलेल्या लोकांची फोन आणि घालायची उपकरणं यांतून लांबून नोंद ठेवली गेली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठात एमएस असलेल्या लोकांनी वर्षभर फिटबिट घातलं, आणि सुरुवातीलाच पावलं कमी असलेल्यांचं अपंगत्व पुढे वाढण्याची शक्यता जास्त दिसली. म्हणजे रोजच्या पावलांत आजाराबद्दल खरी माहिती आहे.

थकव्याचं काम अजून अर्धवट आहे. हालचाल, नाडी आणि झोप एकत्र करून संगणकाकडून थकव्याचा अंदाज काढायचे प्रयत्न चालू आहेत. पण अंदाज माणसागणिक हलतो, एकाला लागू पडलेलं गणित दुसऱ्याला पडत नाही. म्हणून तुमची तुलना तुमच्याच मागच्या महिन्याशी करायची. शेजारच्या काकूंच्या आकड्यांशी अजिबात नाही.

पोळ्या लाटताना पावलं वाढतात. मग आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा?

वाढतातच. कणीक मळताना, भजनात टाळ वाजवताना, स्कूटीवरून खड्ड्यांतून जाताना मनगट हलतं आणि घड्याळ ते चालणं समजतं. हाताला कंप असेल तर बसल्या जागी पावलं पडतात. उलट खरं चालणं निसटतं. वॉकर धरला की हात स्थिर राहतो, काठीचा हात जवळजवळ हलत नाही, आणि अगदी सावकाश चालणाऱ्याची पावलं बरीच घड्याळं कमीच मोजतात. अशांनी कमरेला किंवा घोट्याला लावायचा सेन्सर घ्यावा. तो मिळत नसेल तर पावलांचा आकडा सोडून द्यावा, उभं राहिलेला आणि पडून राहिलेला वेळ तेवढा पाहावा.

घड्याळ ज्या हाताने कमी काम होतं त्या हातात, मनगटाच्या हाडाच्या जरा वर घाला. काचेच्या बांगड्या आणि घड्याळ एकाच हातात असलं की बांगड्या त्याला सारख्या ढकलतात, दिव्याचा त्वचेशी संपर्क सुटतो आणि नाडीचं रीडिंग उड्या मारू लागतं. बांगड्या उतरवायला नको असतील तर त्या हातात बांगड्या, या हातात घड्याळ. हात मात्र बदलायचा नाही, नाहीतर मागच्या आठवड्याशी तुलनाच होत नाही.

कोणतं घड्याळ घ्यावं? महागडंच लागतं का?

महाग लागत नाही. बॅटरी चार-पाच दिवस टिकावी, झोप आणि नाडी दोन्ही मोजावीत, पट्टा मऊ असावा आणि एका हाताने लावता यावा. शेवटचा मुद्दा दुकानात कुणी विचारत नाही. बोटांना मुंग्या असतील तर बारीक बक्कल रोज सकाळी लावणं हाच एक व्यायाम होतो. मागच्या महिन्यांची नोंद ॲपमध्ये जपून राहते का आणि बाहेर काढता येते का, हे विकत घेण्याआधी पाहा. एकदा घेतलं की तेच वापरा. कंपनी बदलली की गणित बदलतं.

झोपेचा आकडा खरा असतो का?

एकूण झोप बऱ्यापैकी कळते. गाढ झोप इतकी, स्वप्नांची झोप इतकी, हे मनावर घेऊ नका, तो अंदाज कच्चा असतो. शिवाय अंथरुणात डोळे उघडे ठेवून न हलता पडलेला माणूस घड्याळाला झोपलेला वाटतो. एमएसमध्ये पाय जड असले की माणूस हलतच नाही, तेव्हा झोप प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

मी पाहते ती झोप किती वेळा मोडली ते. रात्री तीन-चारदा उठणं रोजच दिसत असेल तर मूत्राशयाचा त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आणि उपाय आहेत. झोपताना पाय सारखे हलवावेसे वाटत असतील तर तेही सांगा. घोरणं मोठं असेल आणि सकाळी डोकं दुखत असेल तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास मध्येच अडतो का याची, तपासणी लागते. घड्याळाच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर ती टाळू नका. त्वचा सावळी असली तर हे रीडिंग प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसू शकतं.

ताण, एनर्जी, रेडीनेस असे जे गुण येतात, त्यांचं काय?

ते बहुतेक दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या चढउतारावरून काढतात. एमएस स्वतःच ठोक्यांवर ताबा ठेवणाऱ्या यंत्रणेवर परिणाम करू शकतो, ठोके मंदावणारी बीटा ब्लॉकरसारखी औषधंही करतात. शिवाय हे गुण निरोगी, खेळणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. माझा सल्ला, ते पान ॲपमधून बंदच करा.

मे महिन्यात घड्याळ घालून काही फायदा? उन्हात तर सगळेच गळतात.

इंदूरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि एमएस असलेल्या माणसाचं उन्हात गळणं इतरांसारखं नसतं. शरीराचं आतलं तापमान अर्धा अंश वाढलं तरी आवरण गेलेल्या नसांमधून संदेश अडू लागतो. नजर अंधुक होते, पाय ओढला जातो, थकवा एकदम कोसळतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९० मध्ये याचं वर्णन केलं. एमआरआय नव्हता तेव्हा रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते पाहत आणि त्यावरून निदानाला आधार घेत. शरीर गार झालं की हे उतरतं. नसांचं नवं नुकसान झालेलं नसतं.

घड्याळ मनगटाच्या त्वचेचं तापमान सांगतं, आतलं नाही. पंख्याखाली बसलात की ते बदलतं. म्हणून तापमानाच्या आकड्यापेक्षा वेळेकडे पाहा. दोन आठवड्यांच्या नोंदीत पावलं दुपारी बाराच्या आधी कशी आणि नंतर कशी, हे दिसलं की दिवस लावता येतो. बँक, भाजी, फिजिओ हे सकाळी नऊच्या आत. नेहरू पार्कला किंवा मेघदूत बागेत फिरायला जायचं तर पहाटे. बाहेर पडण्याआधी गार पाणी प्यायचं, मानेवर ओला पंचा ठेवायचा. परदेशात थंड ठेवणारी जॅकेटं मिळतात, पण ओल्या सुती ओढणीनेही बराच फरक पडतो. आंघोळ कोमट पाण्याने, हिवाळ्यातसुद्धा.

डायरी कशी लिहायची? रोज लिहायचा कंटाळा येतो.

डायरीशिवाय घड्याळाचा उपयोग निम्म्याहून कमी होतो, म्हणून ती अगदी छोटी ठेवा. सकाळी उठल्यावर, जेवणाआधी, चार वाजता आणि झोपताना, थकव्याला ० ते १० मधला एक आकडा. सोबत चार शब्द. माझ्याकडे येणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंच्या वहीतलं पान असं होतं : "सकाळी ४. डबे केले. दुपारी ६, चौथा तास उभ्याने. चारला ८, पडून राहिले. रात्री ५." आकडे बोलून फोनमध्ये रेकॉर्ड केले तरी चालतात.

या ताईंना वाटायचं की शाळा झेपत नाही, नोकरी सोडावी. घड्याळ आणि वही शेजारी ठेवली तेव्हा शाळेचे दिवस बऱ्यापैकी सारखे निघाले. कोसळायचे ते सोमवार. रविवारी घरचं साठलेलं सगळं काम, मग सासरच्यांकडे पोहे-जिलेबी आणि गप्पा, एखाद्या रविवारी संध्याकाळी सानंद या इथल्या मराठी संस्थेचं नाटक, आणि दुपारची विश्रांती पार गायब. नाटक सोडायला त्यांनी साफ नकार दिला, आणि मला तो पटला. कपडे आणि स्वयंपाकाची तयारी शनिवारी-गुरुवारी वाटून घेतली, नाटकाच्या दिवशी दुपारी एक तास दार लावून पडायचं ठरलं. नोकरी चालू आहे.

किती दिवस घालायचं?

पहिल्यांदा दोन ते तीन आठवडे, रविवार धरून. दिवसा दहा तासांपेक्षा कमी घातलेला दिवस मोजू नका. या काळात काहीही बदलायचं नाही, जसं जगता तसंच जगा. नंतर वर्षभर अंगावर बाळगायची गरज नाही. नवीन औषध, ऋतू बदल किंवा नवीन व्यायाम असेल तेव्हा पुन्हा दोन आठवडे घाला.

रोज १०,००० पावलं होत नाहीत, वाईट वाटतं.

हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, तिथून तो जगभर पसरला. तुमची नेहमीची पावलं २,२०० असतील तर थकवा न वाढता २,४०० होणं ही चांगली वाढ आहे. ॲपमधलं ध्येय हाताने बदलून घ्या आणि "उठा, चाला" असं बजावणारी सूचना बंद करा. थकव्याने आडवं झालेल्या माणसाला घड्याळाने टोचणं मला अजिबात पसंत नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. बऱ्या दिवशी माणूस हुरूप येऊन सगळं उरकतो आणि पुढचे दोन दिवस बिछान्यात जातात. आलेखात हा उंच खांब आणि त्यामागची दरी लगेच दिसते. खांब थोडा खाली आणायचा, म्हणजे दरी भरते.

घरचे म्हणतात, "घड्याळात तर आठ तास झोप दिसते, मग दमायला काय झालं?"

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सुना विचारतात. एमएस पुरुषांपेक्षा बायकांना दोन ते तीनपट जास्त होतो, तोही बहुधा विशी ते चाळिशीत, म्हणजे संसार आणि मुलं यांच्या ऐन धामधुमीत. बाहेरून काहीच दिसत नाही. मग घड्याळ येतं, आणि विश्वास बसण्याऐवजी त्याचीच साक्ष तिच्याविरुद्ध काढली जाते.

घरच्यांना माझं सांगणं असं. आठ तास पडून राहिल्याचं घड्याळाने सांगितलं, झोपेने ती ताजी झाली का हे त्याला कळत नाही. पावलं भरपूर दिसली म्हणजे त्रास नव्हता असंही नाही. कधी कधी दात-ओठ खाऊन सण पार पाडलेला असतो. गणपतीच्या दिवशी पावलं सर्वांत जास्त आणि वहीतला थकवा ९, असं मी पाहिलं आहे. आकडा आणि तिचं म्हणणं यात तफावत आली तर तिचं म्हणणं धरायचं. सासूबाई किंवा यजमान सोबत आले की मी आलेख त्यांनाच वाचायला देते, शेजारी वही ठेवते. "अगो, त्या दिवशी तू बोललीच नाहीस" असं एखाद्या सासूबाई म्हणतात, तेव्हा घड्याळाचे पैसे वसूल झाले असं मी समजते.

डॉक्टरांना काय दाखवू? त्यांच्याकडे वेळ नसतो.

ॲप उघडून फोन पुढे करू नका. एका कागदावर चार ओळी लिहा : नेहमीची पावलं आणि गेल्या महिन्यातली, रात्री किती वेळा जाग येते, थकवा कोणत्या वेळी सर्वांत जास्त, आणि काय केलं की वाढतो. खाली तुमचा एकच प्रश्न. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व कधी तपासलं होतं तेही लिहा.

थकव्यावर गोळी आहे का?

अमँटाडिन, मोडाफिनिल आणि मिथाइलफेनिडेट ही औषधं वर्षानुवर्षं दिली जातात. २०२१ साली लॅन्सेट न्यूरॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत १४१ रुग्णांना ही तिन्ही आणि औषध नसलेली गोळी आळीपाळीने दिली. थकवा कमी करण्यात तिन्ही औषधं त्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त होते. एखाद्याला फरक पडतही असेल, ते डॉक्टर ठरवतील. बेताने वाढवलेला नियमित व्यायाम, कामांची आखणी आणि समुपदेशनाची वर्तन-उपचार पद्धत यांचा उपयोग होतो याला चांगला आधार आहे. औषध किंवा व्यायाम सुरू केल्यावर खरंच फरक पडला का, हे पाहायला घड्याळ आणि वही दोन्ही कामाला येतात.

रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, येणार हे घड्याळाला आधी कळतं का?

त्यावर विसंबू नका. नवीन लक्षण, किंवा जुनं लक्षण वाढून २४ तासांहून जास्त टिकलं, आणि ताप, इन्फेक्शन किंवा उन्हाचं कारण नाही, तर डॉक्टरांना फोन करा. आलेख सुरळीत दिसतोय म्हणून थांबायचं नाही.

ही माहिती कुणाकुणाकडे जाते? ऑफिसला दाखवावी का?

ॲप टाकताना लोकेशन, संपर्क यांची परवानगी मागतात. थकव्याच्या नोंदीला त्यातलं काहीच लागत नाही, नकार द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तुमची संमती हा पाया धरला आहे. घरच्यांनाही हेच लागू. बायकोचं ॲप नवऱ्याच्या फोनवर जोडायचं तर तिला विचारून.

ऑफिसात घड्याळाचे आकडे देऊ नका, एखाद्या बऱ्या दिवसाचे आकडे उद्या तुमच्याच अंगावर येऊ शकतात. सवलतीचा आधार वेगळा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, सरकारी वैद्यकीय तपासणीतून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि तिथे न्यूरोलॉजिस्टचे कागद, एमआरआय हेच लागतात.

पट्ट्याखाली खाज येते, आणि चार्जिंग कधी करू?

घामाने येते. रोज पट्टा साध्या पाण्याने धुवा, पूर्ण कोरडा करून घाला, त्या जागी क्रीम लावू नका. त्या भागात संवेदना कमी असतील तर पट्टा रुतलेला कळत नाही, म्हणून झोपण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहा. चार्जिंगला आंघोळीची वेळ चांगली. रात्री लावलंत तर झोपेची नोंद जाते, आणि तीच तर आपल्याला हवी आहे.